चौथी गाठ

आमच्या मंडळीत कोणी प्रभूमध्ये झोपी गेलं की पहिला फोन पाळकांना जायचा आणि दुसरा नानांना. पाळक प्रार्थनेला निघायचे, नाना सुतळी घेऊन माप घ्यायला. नाना सुतार होते. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये खाटा, दाराच्या चौकटी, शाळेचे बाक असलं सगळं करायचे, पण आम्हा ख्रिस्ती लोकांसाठी ते शवपेटी करणारे नाना. धुळ्यात पेटी तयार मिळते की नाही हे मला आजही नीट सांगता येणार नाही, कारण विकत आणायची वेळच कधी आली नव्हती. पुढच्या बाकावर बसणारे, मागच्या बाकावर डुलक्या घेणारे, वर्षातून एकदा नाताळाला उगवणारे, सगळे नानांच्याच पेटीतून गेले.

माप घ्यायची त्यांची एक रीत होती. घरात टेप असून मयताला ते टेप लावायचे नाहीत. नवी सुतळी घ्यायचे आणि तिला गाठी मारायचे. पहिली गाठ डोक्याशी, दुसरी खांद्याशी, तिसरी टाचेशी. त्यानंतर थोडी सुतळी मोकळी सोडून चौथी. काम झालं की ती सुतळी गुंडाळून त्याच माणसाच्या कुशीशी पेटीत ठेवून द्यायचे. ज्याचं माप त्याच्याबरोबर. त्यामुळे नानांच्या शेडमध्ये जुनी सुतळी कधी सापडायची नाही.

हे मला ठाऊक आहे, कारण मी शेजारी बसलेली असायचे. मी मूळची जळगावची. चित्रकलेची शिक्षिका म्हणून धुळ्यात आले आणि इथलीच झाले. आमच्याकडे पेटीच्या पायाकडच्या फळीवर नाव लिहितात, कारण कबरेशी उभ्या असलेल्या लोकांना शेवटी तीच बाजू दिसते. पूर्वी हे नावही नानाच लिहायचे. एका दफनाला मी त्यांचं अक्षर पाहिलं आणि शिक्षकी सवयीने तोंड वाकडं केलं असणार. नानांनी ते बरोबर टिपलं.

"बाई, आतेपासून नाव तू लिखत जाय," ते म्हणाले. "मन्हं अक्षर दखीसन मयत उठी बसी."

तेव्हापासून काळा ऑइल पेंट, सहा नंबरचा ब्रश आणि पायाकडची फळी हे माझं काम झालं. नाना ठोकत असायचे, मी लिहीत असायचे. सुतळी माझ्या डोळ्यांसमोर खुंटीला लटकत असायची, चारही गाठींसकट. इतकी वर्षं मी त्या गाठी पाहिल्या. चौथी गाठ कशासाठी, हे मी एकदाही विचारलं नाही. विद्यार्थ्यांना मात्र सांगायचे, नीट बघा, चित्र काढण्याआधी बघायला शिका.

आता मंडळीबद्दल सांगायला हवं. आमची मंडळी लहान आहे आणि लहान असल्याचा तिला अभिमान आहे. एक शरीर आणि त्याचे अवयव, प्रत्येकाला देवाने दिलेलं वेगळं कृपादान आणि सगळ्यांची मिळून एक सेवा, हा उपदेश आम्ही प्रत्येक पाळकाकडून ऐकला आहे. आम्हाला तो फार आवडतो, कारण त्यात प्रत्येकाचं कौतुक होतं. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले आबा मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक होते. जमिनीपासून मंडपापर्यंत काहीही मोजायचं असलं की आबा. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला भाऊ लोखंड, वायरिंग आणि पंखे बघायचा. शिवणकाम भाऊच्या बायकोकडे, आमच्या वहिनींकडे. नाव लिहायचं माझ्याकडे. कोणी कोणाच्या कामात हात घालायचा नाही, हा आमचा न लिहिलेला नियम होता. त्यालाच आम्ही ऐक्य म्हणत होतो.

नानांनी दोनदा विचारलं होतं. एकदा उपासनेनंतर चहा पिताना आणि एकदा सुगीनंतरच्या हंगामाच्या उपासनेच्या दिवशी, सगळे जमलेले असताना. "कोनी तरी शिकी ल्या रे. मन्हा मांगे कोन करी?" आम्ही हसलो. आबा म्हणाले, "नाना, तुम्ही आम्हाला सगळ्यांना पोचवून मग निवांत या." यावर नानाही हसले. मी तर सगळ्यांत मोठ्याने हसले होते. ते हसू आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो.

मे महिन्यात एका पहाटे नाना गेले. झोपेतच. सकाळी मी पोचले तेव्हा उन्हाचा चटका सुरू झाला होता. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या येऊन पडल्या होत्या आणि अक्का नानांच्या उशाशी बसल्या होत्या. अक्का म्हणजे नानांची बायको. त्या रडत नव्हत्या. बर्फाचं पाणी चादरीखाली जाऊ नये म्हणून फडक्याने टिपत होत्या. मुलगी चाळीसगावला दिलेली. ती दुपारच्या पॅसेंजरने येणार होती. तिने बापाचं तोंड पाहिलं की लगेच उचलायचं, कारण या उन्हात दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं शक्य नव्हतं.

बाहेर शेडमध्ये पाळकांनी आम्हाला बोलावलं. आमचे पाळक पिंपळनेरकडचे, तिशीतले, शांत. ते म्हणाले, "नाशिकला एकांशी बोललोय. तयार पेटी आहे. गाडी आत्ता निघाली तर तीनपर्यंत पोचेल. पाठवायला सांगू का?"

त्या वेळी मी गप्प बसले असते तर पुढचं काही झालं नसतं. आबा होकाराची मान हलवत होते, भाऊ खिशातून फोन काढत होता. मी म्हणाले, "नानांना विकतच्या पेटीत घालायचं? आपल्या प्रत्येकाला त्यांनी हाताने करून दिली आणि त्यांच्या वेळेला आपण गाडी मागवायची? मग कृपादानावरचे उपदेश कशाला ऐकतो आपण दर रविवारी?"

माझा आवाज चढला की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. शेडमध्ये तसंच झालं. भाऊने फोन खिशात ठेवला. आबा म्हणाले, "बाई बरोबर बोलतात." पाळकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग मंडळीच्या ग्रुपवर संदेश टाकला, नानांची पेटी आपण मिळून करणार आहोत, ज्याने त्याने आपलं दान घेऊन यावं. खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, दुःखाच्या घरात उभी राहून मला आनंद झाला होता.

आणि लोक आले. बांधकामावर जाणारी माणसं रजा टाकून आली. वहिनी मशीन रिक्षात घालून घेऊन आल्या. शेडच्या माळ्यावर फळ्या होत्या. एका पेटीपुरतं लाकूड नाना नेहमी राखून ठेवायचे, ते सगळ्यांना माहीत होतं. भाऊने फळ्या खाली काढल्या आणि भिंतीला लावून उभ्या केल्या.

आबा टेप घेऊन आत गेले. नोकरीच्या काळात इंचभर जमिनीसाठी भाऊबंदांची डोकी फुटताना त्यांनी पाहिली होती, त्यामुळे त्यांचं मोजणं काटेकोर. डोक्यापासून टाचेपर्यंत त्यांनी दोनदा माप घेतलं. बाहेर येऊन म्हणाले, "पाच फूट दहा. दोन इंच मोकळे धरा. सहा फूट."

"फळ्या लांब आहेत," भाऊ म्हणाला. "वीतभर कापाव्या लागतील."

मी तोवर पायाकडच्या फळीला सँडपेपर मारत होते. लांब फळ्या माझ्या समोरच होत्या. त्यांच्या टोकांना रंधा मारलेला मला दिसला. दोन्ही टोकांना. लाकडाच्या वखारीतून आलेल्या फळीचं टोक ओबडधोबड असतं, तंतू निघालेलं. ही टोकं तळहातासारखी गुळगुळीत होती. कोणीतरी या फळ्या आधीच मापाला आणल्या होत्या. मी ते पाहिलं, आणि बोलले नाही. सुतारकाम माझं नव्हतं. भाऊ बघतोय, आबा बघताहेत, मी कशाला मध्ये तोंड घालू, असं मनात आलं आणि मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

भाऊने करवत चालवली. वीत वीतभर तुकडे जमिनीवर पडले.

त्यानंतरचे दोन-तीन तास मला आठवतात ते एखाद्या सणासारखे. हातोडी चालू होती. वहिनींचं मशीन चालू होतं, आबांच्या मापाने त्या पांढरं अस्तर शिवत होत्या, कडेला बारीक झालरसुद्धा लावली. कोणी तरी गीत काढलं, बाकीच्यांनी उचललं. पाळक स्वतः खिळे हातात देत होते. मी नाव लिहिलं. आयुष्यात मी इतकं चांगलं अक्षर काढलेलं नाही. हात जराही कापला नाही. उन्हाने रंग लगेच वाळला. भाऊने ती फळी पायाशी ठोकली आणि सगळे मागे सरून पेटीकडे बघत राहिले. पाळक हळूच म्हणाले, "बाई, तुमचं ऐकलं ते बरं झालं."

चारच्या पुढे मुलगी आली. तिचं रडणं ओसरल्यावर पेटी आत नेली आणि चौघांनी नानांना उचलून आत ठेवायला घेतलं.

डोकं बसलं. खांदे बसले. पाय बसेनात.

आधी वाटलं, चादर अडकली असेल. चादर सारखी केली. पुन्हा उचललं, डोकं आणखी वर सरकवलं, तरी पाय फळीच्या काठावरच. मग मला दिसलं. आडवा झालेला मयत उभ्या माणसासारखा पाय काटकोनात धरत नाही. त्याची पावलं पुढे पडतात, बोटं लांब जातात. टाचेपाशी माणूस संपत नाही. चौथी गाठ त्यासाठी होती. शिवाय डोक्याची आणि पायाची फळी आतून ठोकल्यामुळे तिथेही इंच इंच गेला होता. आबांचं माप बरोबर होतं. भाऊचं कापणं सरळ होतं. वहिनींचं अस्तर पेटीला तंतोतंत बसलं होतं. ज्याने त्याने आपलं काम चोख केलं होतं आणि नाना पेटीत मावत नव्हते.

आबा खाली बसले आणि त्यांनी टेप पुन्हा लावली. पुन्हा तेच आलं, पाच फूट दहा. ते टेप गुंडाळायचे आणि परत ओढायचे. शेवटी त्यांच्या नातवाने ती हातातून काढून घेतली.

भाऊ बाहेर धावला. कापलेले तुकडे जोडून पेटी वाढवता येते का पाहूया, म्हणाला. पहिल्याच खिळ्याला तुकडा उभा चिरला, दुसरा घेतला, तोही चिरला. उन्हाने लाकूड वाळून ठणठणीत झालं होतं. नाशिकला फोन केला तर पेटी दुसरीकडे गेली होती. लाकडाची वखार गाठून नवीन फळ्या आणायच्या, कापायच्या, ठोकायच्या तर अंधार पडला असता. बर्फ पार वितळला होता. उंबऱ्यावरून पाणी बाहेर येत होतं.

कोणीतरी, कोण ते मी लिहीत नाही, दबक्या आवाजात म्हणालं, "गुडघे थोडे दुमडले तर?" आम्ही सगळे ऐकून न ऐकल्यासारखे उभे राहिलो. ताठरलेले गुडघे दुमडायचे म्हणजे काय करावं लागतं, ते सगळ्यांना कळत होतं. मी मनातल्या मनात प्रार्थना केली, की ते कोणीतरी करावं आणि मला दिसू नये. अशी प्रार्थना मी केली, हे इथे लिहून ठेवते.

अक्का इतका वेळ बसून होत्या. त्या उठल्या आणि दारापर्यंत आल्या. शेडमध्ये पडलेले तुकडे त्यांना तिथून दिसले. त्यांनी एक तुकडा मागून घेतला आणि रंधा मारलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"ह्या फळ्या त्यास्नी सोताना साठे करी ठेवेल व्हत्यात," त्या म्हणाल्या. "मांगला साले. माले सांगं व्हतं. मन्हं माप शे, फक्त ठोका, म्हने."

भाऊने हातातली हातोडी खाली ठेवली.

"माले कोनी इचारं नही," अक्का म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. जे झालं ते त्यांनी सांगितलं, इतकंच.

आम्ही सकाळपासून सगळ्या मंडळीला हाक घातली होती. आपलं दान घेऊन या म्हणून ग्रुपवर संदेश टाकला होता. त्याच भिंतीपलीकडे, हाताच्या अंतरावर, जिला सगळं ठाऊक होतं ती बाई फडक्याने पाणी टिपत बसली होती, आणि तिच्याकडे काही असेल असं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी तिच्या घरात मोठ्या आवाजात भाषण करून घेतलं होतं.

पाळकांनी विचारलं, "अक्का, काय करू या आता?" तेव्हा कुठे त्यांना कोणी पहिल्यांदा विचारलं.

"पायजवळनी फळी काढी टाका," त्या म्हणाल्या. "पाय ऱ्हाऊ द्या बाहेर. मोडू नका. त्यास्ले पाय आखडीसन कधी झोप लागत नही."

भाऊने खिळे उपटले आणि फळी निघाली. मी नाव लिहिलेली फळी. ती त्याने भिंतीला टेकवून ठेवली, मग अक्षरं लोकांकडे नकोत म्हणून उलटी केली. आज ती माझ्या घरी कपाटामागे आहे. अक्कांनीच मला नेऊ दिली. टाकून देता येत नाही आणि भिंतीवर लावायची तर ती काही चित्र नव्हे. साफसफाईला कपाट ओढलं की दिसते. अक्षर अजून तितकंच सुंदर आहे आणि मला ते बघवत नाही.

नाना असे गेले. घोट्यापासून पुढचे पाय पेटीबाहेर, वहिनींनी अस्तराच्या उरलेल्या कापडात गुंडाळलेले. झाकणही तेवढंच आखूड. पायाशी नाव नाही. कुशीशी सुतळीही नाही, कारण आम्ही टेप लावली होती. चाळीस वर्षांत ज्या ज्या माणसाला त्यांनी पोचवलं, त्या प्रत्येकाला या दोन गोष्टी मिळाल्या. नानांना नाही मिळाल्या.

पेटी टेम्पोत चढवली. पायाकडची बाजू उघडी असल्यामुळे चढावर नाना मागे सरकण्याची भीती होती. तिथे कोणीतरी बसायला हवं होतं. पुरुष एकमेकांकडे बघत होते. अक्का माझ्याकडे वळल्या. "बाई, तू धरी ले त्यास्ना पाय."

मी टेम्पोत चढले, पेटीच्या टोकाशी मांडी घातली आणि दोन्ही हातांनी नानांचे पाय धरले. शाळेत मला कोणी साधी खुर्ची उचलू दिली नव्हती. बाई, तुमचे हात ब्रशचे, म्हणायचे. रस्त्यावर गतिरोधक आला की पेटी हलायची आणि नानांचे तळवे माझ्या पोटाला टेकायचे. कापडातूनही त्यांचा गारवा लागत होता. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. स्वतःचा, आबांच्या टेपचा, आणि नानांचासुद्धा. तिसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं? ओरडून का नाही विचारलं? मग लक्षात आलं की तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नव्हतं. फळ्या कापल्या, रंधा मारला आणि माळ्यावर ठेवून दिल्या.

दफनभूमीत ऊन कलत होतं. आबांनी खड्डाही मोजून घेतला होता. तो पुरेसा लांब निघाला, एवढं एकच त्या दिवशी पुरलं. चार माणसांनी दोर लावून पेटी सोडायला सुरुवात केली. मी काठाशी गुडघे टेकले आणि पाय धरूनच राहिले. पेटी खाली गेली तसे माझे हात खाली गेले, मग खांदे. छातीला ओली माती लागली. पाळक प्रार्थना म्हणत होते.

"बाई, सोडा आता," भाऊ म्हणाला.

मला सोडता येईना. सोडले तर ते पेटीतून घसरतील असं वाटत होतं. ते तसं होणार नाही हे कळत असूनही बोटं उघडत नव्हती. पाळक थांबले. दोर धरलेल्या माणसांचे हात थरथरायला लागले. सगळी मंडळी उभी होती आणि कोणालाच काय करायचं ते कळत नव्हतं.

अक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझ्या पाठीवर त्यांचा हात पडला, सकाळपासून पाणी टिपून सुरकुतलेला.

"सोड बाई आते," त्या म्हणाल्या. "माती धरी त्यास्ले."

मी सोडले.